टिटवीच्या घरट्याचा विमा

पक्षी दारोदार विमा विकत फिरायचे, त्या काळातली गोष्ट. माळावर टिटवीने खडे रचून घरटं केलं होतं. अंडी घालायची वेळ अगदी जवळ आली होती. घरट्याच्या विम्यासाठी बगळ्याने चार बेडूक मागितले, कावळ्याने फक्त एक किडा. टिटवी हरखली.

“कावळेभाऊजी, घरटं मोडलं तर नवं बांधून द्याल ना?”

“शब्द दिला, वहिनी!” म्हणत कावळ्याने किडा गिळला.

दुपारी एक म्हैस आली आणि नेमकी घरट्यावरच ऐसपैस बसली. टिटवी बोंबलत कावळ्याकडे धावली.

“घरटं झाडावरून पडलं का?” कावळ्याने विचारलं.

“अहो, मी जमिनीवर अंडी घालते!”

“म्हणून तर एका किड्यात दिला. विमा झाडावरून पडण्याचा होता.”

टिटवीने म्हशीला शिव्या घातल्या, कावळ्याला त्याहून जास्त, आणि घाईघाईने पलीकडे खडे रचून अंडी घातली.

दुसऱ्याच दिवशी कावळा पुन्हा हजर. “वहिनी, खास तुमच्यासाठी! म्हैस बसली तर भरपाई. अर्ध्या किड्यात!”

“भरपाई कधी देणार नाही, ते आधी सगळं सांगा. मग किड्याचं बघू.”

कावळ्याने घसा खाकरला. “म्हैस काळी असेल तर नाही. बसताना शेपटी हलवली तर नाही. रवंथ करत असेल तर नाही...”

यादी संपायच्या आतच अंडी फुटली. पिल्लं माळावर तुरुतुरु पळायला लागली. त्यातलं एक थबकलं.

“आई, हे काका कोण?”

“विमावाले आहेत, बाळा. अजून शिंगांपर्यंत पोचलेच नाहीत.”