तपासलेला मध

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. भाजल्या जखमेवर लावायचा मध माकडीण कड्यावरून काढून आणत असे. एकदा कुणीतरी त्यात विषारी चीक मिसळला आणि सशाचं पोर दगावलं. तेव्हा रानाने नियम केला, तपासल्याशिवाय मध कुणाला द्यायचा नाही. नियम चांगलाच होता.

एकाच्या नजरेतून सुटलं तर दुसऱ्याने पकडावं, म्हणून आधी कोल्हा, मग रानडुक्कर आणि शेवटी अस्वल असे तपासनीस नेमले. अस्वलाला वाटे, आपण नसतो तर या रानाचं कसं झालं असतं!

एका उन्हाळ्यात वणव्यात हरिणीच्या पाडसाची पाठ होरपळली. माकडिणीने द्रोण भरून मध आणला. कोल्ह्याने चाटला, शंका आली म्हणून पुन्हा चाटला. डुकराने सरळ तोंडच घातलं. अस्वलाकडे द्रोण आला तेव्हा तळाशी थोडासाच मध होता. बाजूला पाडस कण्हत होतं. अस्वलाने पूर्ण खात्री होईपर्यंत चाटलं आणि म्हणालं, "अगदी शुद्ध आहे. घेऊन जा, बाई."

हरिणीने पाहिलं, तर द्रोण कोरडा. ती भांडली नाही. जवळ येऊन हळूच म्हणाली, "अस्वलदादा, तुमच्या नाकाला लागलाय, तेवढा तरी पुसून द्या."

अस्वलाने घाईने पंजा उचलला. पण सवयीने जीभ आधीच नाकावरून फिरली होती.

तेव्हा खाली गेलेली अस्वलाची मान चालताना आजही वर होत नाही.