करडी गाडी आणि सकाळचा ताप

माणसांची पाठ वळली की गाड्या आपसात बोलायच्या, तेव्हाची ही गोष्ट.

जुन्या गाड्यांच्या बाजारात दोन छोट्या गाड्या शेजारी उभ्या होत्या. लालीचं इंजिन डिझेलचं आणि मोठं, करडीचं पेट्रोलचं आणि लहान. आज गिऱ्हाईक मिळालं नाही, तर करडी उद्या भंगारात जाणार होती.

गिऱ्हाईक यायच्या आधी मालकाने लालीला तासभर चालू ठेवून तापवलं. मग तो करडीकडे वळला, तर तिने किल्लीला दादच दिली नाही.

“अगं खुळे,” लाली म्हणाली, “थंड असलीस की तू खोकतेस. आधी तापली असतीस, तर कुणाला कळलं असतं?”

“नेणाऱ्याला उद्या सकाळी कळलंच असतं की, बाई,” करडी म्हणाली.

गिऱ्हाईक म्हणजे दवाखान्यातल्या नर्स शेवंताबाई. लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा त्यांनी दोघींच्या बॉनेटवर तळहात ठेवला.

“हिला सकाळीच ताप कसा हो?” त्यांनी मालकाला विचारलं आणि लाली निवेपर्यंत तिथेच बसून राहिल्या. डबासुद्धा तिथेच खाल्ला, घाई म्हणून नाही.

निवलेली लाली काही केल्या सुरू होईना. करडी मात्र दोनदा खोकली आणि मग एका लयीत चालू लागली.

“हीच द्या,” शेवंताबाई म्हणाल्या. “माझी रोजची खेप चार मैलांची, लहान इंजिन पुष्कळ झालं. आणि खोकल्याचं काय घेऊन बसलात? सकाळी उठल्यावर मीही खोकते. म्हणून कामाला जायची राहते का?”