आंबीपाड्याच्या गार चुली

सातपुड्याच्या कुशीतल्या आंबीपाड्यात पौषातले तीन दिवस कुणी चूल पेटवत नाही. पाहुणा आला तरी त्याला शिळी भाकर आणि गार पाणी; त्याने रुसायचं नाही. कारण विचारलं की म्हातारे गुमानबाबा समोरच्या झेंडीटेकडीकडे बघतात आणि रुमल्याची गोष्ट सांगायला बसतात.

गोऱ्यांचा अंमल डोंगरात नुकता शिरत होता तेव्हाची ही गोष्ट, असं सांगतात. एक साहेब दुर्बीण घेऊन मुलखाचा नकाशा काढत फिरे. जो पाडा त्याच्या नकाशात चढला, तिथे वर्षाच्या आत शिपाई येत, घरं जाळत, माणसं वेठीला नेत. रुमल्यालाही असंच धरून आणलेलं. या टेकडीच्या माथ्यावर त्याने पांढरी झेंडी धरून उभं राहायचं, म्हणजे साहेबाला पलीकडच्या डोंगरावरून माप घेता येई. आणि टेकडीच्या मागेच त्याचा आंबीपाडा होता. मागे नुसतं रान आहे, असं रुमल्याने सांगून टाकलं. पण साहेब काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तीन दिवस बघतो, म्हणाला. धूर दिसला तर शिपाई धाडतो.

पौषातल्या त्या संध्याकाळी रुमल्या लपतछपत पाड्यावर आला, साहेबाचं बोलणं सांगितलं आणि चुली विझल्या. त्याची बायको गिंबी पाच दिवसांची बाळंतीण. तिच्या खाटेखालची शेगडीही विझली.

"पोर गारठंल," ती म्हणाली.

"तीनच दिवस," रुमल्या म्हणाला.

तीन दिवस तो माथ्यावरच, गावाकडे पाठ करून उभा राहिला; रात्रीही खाली उतरला नाही. वळून बघावं तर साहेबाला संशय येणार. मागून वारा आला की धुराचा वास येतो का, एवढंच तो हुंगत राही. आणि वास आला नाही की त्याहून मोठं भय वाटे. विस्तव नाही, मग पोरगी कशी असेल?

तिसऱ्या दिवशी साहेबाने दुर्बीण मिटली. नकाशात तिथे रान लिहिलं गेलं, म्हणे. रुमल्या धावतच खाली उतरला. पाड्यातल्या बायकांनी पोरीला आळीपाळीने उघड्या छातीशी धरून ठेवलं होतं, पण त्या पहाटे ती गेली होती.

"आता पेटव," गिंबी म्हणाली. "आधी तिच्यापाशी."

शिपाई कधी आले नाहीत. आजही तिसरा दिवस सरला की पहिली आग पेटते ती पोरीला पुरलं तिथल्या लहानशा दगडाशी. कितीही थंडी असो, हात शेकायला कुणी पुढे होत नाही. तो दगड तापला की मगच तिथला विस्तव घरोघर जातो.