एकेचाळिसावा ठोकळा

"...आणि तरी तुम्ही विचारता, नक्की का?"

सन्मती मगदूम तावातावाने बोलत होता. समोर ताराबाई उपळेकर चष्मा पुसत बसल्या होत्या. कॅन्सरच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली वाचायला त्यांनीच त्याला शिकवलं. आज आपण गुरूच्या एक पाऊल पुढे गेलो, याचा त्याला कोण अभिमान वाटत होता!

"मूत्राशयाच्या कॅन्सरचे चाळीस नमुने, बाई. अठरांत एचपीव्ही! गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे असतो, तोच विषाणू. मूळच सापडलं मला."

"असेलही."

तो शब्द त्याला झोंबला.

"बाहेर गोदाक्का चौगुले बसल्यात. नवऱ्याच्या गाठीत सापडलाय. आजच सांगून टाकतो."

"काय सांगणार?"

"हा शरीरसंबंधातून लागतो. कुठून आणला, ते नवऱ्यालाच विचारा म्हणावं."

बाईंनी खिडकीतून पाहिलं. गोदाक्का नवऱ्याचा जेवणाचा डबा मांडीवर धरून बसल्या होत्या. सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला होता...

"मी दिलेला ठोकळा तपासलास?"

सन्मतीची कळी खुलली. गाठीचा तुकडा मेणात बसवून ठोकळा करतात, मग यंत्राच्या पात्याने त्याचे पातळ काप काढतात. बाईंनी असाच एक ठोकळा त्याला दिला होता, बिननावाचा. परीक्षाच ती, हे त्याने तेव्हाच ओळखलं होतं.

"तपासला की! एकेचाळीस नंबरचा पेशंट. त्याच्यात तर ठसठशीत आहे!"

"पातं तेच? मध्ये बदललं, पुसलं नाहीस?"

"तेच. चाळिसावा कापला आणि लगेच हा."

बाईंनी उरलेला ठोकळा मागून घेतला, चमच्यात ठेवला आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरला.

मेण वितळलं, नितळ झालं. सन्मती वाकून बघत राहिला. तळाशी मांसाचा कणही नव्हता.

"बाई, यात तर... काहीच नाही."

"नव्हतंच. नुसतं मेण दिलं होतं."

"मग विषाणू आला कुठून..."

त्याची नजर पात्यावर गेली आणि तिथेच अडकली. सगळा ताठा उतरला.

तेवढ्यात गोदाक्का दाराशी आल्या. "डाक्टर, येऊ का आत?"

सन्मतीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी सावकाश दिव्यावर टोपण ठेवलं.

"बोलाव की त्यांना. फक्त त्या एकेचाळीस नंबरच्या पेशंटच्या बायकोला काय सांगणार, ते आधी ठरव."