जमिनीला न टेकलेलं घर

तांडेल महाराज त्या वर्षी समुद्रापलीकडच्या सुलावेसी बेटावर, सालोतेंगा नावाच्या नदीकाठच्या गावात राहिले होते. आज आपण त्या मुलखाला इंडोनेशिया म्हणतो. महाराज पूर्वाश्रमीचे गलबतावरचे तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके. संसार सुटला, पण दर्या काही सुटला नाही. कुणाच्याही गलबतातून जायचे आणि मन लागेल तिथे उतरायचे. सालोतेंगात मन लागलं. भातखाचरं, नारळ, मासळी. महाराज म्हणायचे, "आपल्या कोकणासारखंच आहे सगळं. फक्त इथल्या घरांना पाय आहेत."

पाय म्हणजे लाकडी खांब. खाली कोंबड्या, वर माणसं. आणि हे खांब जमिनीत पुरत नाहीत, नुसते टेकवून ठेवतात. कारण नदी कधी कुठे सरकेल याचा नेम नाही. ती जवळ आली की गावातले सगळे गडी जमतात, घराला खालून बांबू बांधतात आणि अख्खं घर खांद्यावर घेऊन दुसरीकडे ठेवतात. चुलीसकट! खांदा द्यायला कुणी नाही म्हणत नाही. ज्याची उंच जागा मोकळी असेल तो जागा देतो. पिढ्यान् पिढ्या असंच चाललेलं.

त्या गावात बेस्से नावाची एक म्हातारी विधवा राहायची. मागावर रेशीम विणायची. गाव तिला इंदो म्हणायचं, म्हणजे आई. महाराज तिच्याच घरी जेवायचे. तिथल्या प्रत्येक घराच्या मधोमध एक खांब असतो, त्याला घराची बेंबी म्हणतात. रोज संध्याकाळी बेस्से त्या खांबाला हात लावून दिवसभरात मिळालेल्या एकेका गोष्टीचे आभार मानायची. भाताचे, धाग्याचे, वाऱ्याचे. महाराजांना ते फार आवडायचं. म्हणायचे, "इंदो, तुझ्या देवाचं नाव मला ठाऊक नाही, पण माझा नारायण तुझं ऐकायला येऊन बसतो."

आता मात्र गावातली सगळी उंच जमीन झाली होती सिबालीची. त्याला सगळे दाएंग म्हणायचे, आपण दादा म्हणतो तसं. माणूस हुशार, कष्टाळू, पण ताठ. मानसुद्धा कधी वाकवायचा नाही. त्याला बेस्सेचं ते आभार मानणं बघून हसू यायचं.

पावसाळ्यात नदीनं बेस्सेचं अंगण नेलं. तरी संध्याकाळी ती नदीला म्हणाली, "इतकी वर्षं पाणी दिलंस, बाई. तुझी कृपा."

दाएंग वाटेनं चालला होता. तो थांबला.

"इंदो, उद्या नदी घर नेईल. तेव्हा काय, हार घालणार का तिला?"

"दाएंग, तुझ्या नारळांखाली जागा मोकळी आहे," बेस्से म्हणाली. "माझं घर तिथे ठेवू देशील का?"

"आज तू येशील, उद्या अख्खा काठ येईल. आणि तुझा तो परदेशी नाखवा काय करतोय? रोज फुकट जेवतो. त्याला सांग की घर सांभाळायला."

महाराज ओट्यावर बसून भात खात होते. ते म्हणाले, "खरं आहे दाएंग. फुकटच जेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी काठाला भेग पडली. बेस्सेकडे त्या घराशिवाय काही नव्हतं. नवऱ्यानं स्वतः तासलेले खांब, आईचा माग, सगळं त्यातच. गडी धावत आले. बांबू बांधले. महाराज घराखाली बेंबीच्या खांबापाशी गेले आणि त्यांनीही खांदा लावला. घर उचललं, चार पावलं पुढे आलं, आणि मागे काठ धप्पकन नदीत बसला. आता परत जायला जागाच उरली नव्हती.

सगळे घर घेऊन वर चढले. नारळांपाशी दाएंग उभाच होता, हातात काठी.

"पुढे यायचं तर या," तो म्हणाला. "पण माझ्या जमिनीला जे टेकतं ते माझं. नारळ पडला तर माझा. घर टेकलं तर घर माझं."

"मग ठेवायचं कुठे, दाएंग?" एक गडी कळवळून म्हणाला.

"हवेत ठेवा."

बेस्से वर दारात बसली होती. तिनं फक्त महाराजांकडे पाहिलं.

महाराज म्हणाले, "टेकलं तर तुमचं. हे बरोबर ना, दाएंग?"

"बरोबर."

"आणि हवेत ठेवायला तुमची ना नाही."

"ठेवा की."

महाराजांनी बेंबीच्या खांबावर हात ठेवला. डोळे मिटले. म्हणाले, "नारायणा, या बाईनं आजवर तुझं काही फुकट घेतलं नाही. प्रत्येकाचे आभार मोजून दिलेत." मग गड्यांना म्हणाले, "पोरांनो, दमलात. खांदे काढा."

"नाखवा, घर पडेल!"

"काढून तर बघा."

एकानं भीतभीत खांदा काढला. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनीच. आणि मंडळी, घर होतं तिथेच राहिलं! जमिनीच्या वीतभर वर. एक कोंबडी आली आणि खांबांच्या खालून मान घालून पलीकडे गेली.

दाएंगनं हातातली काठी एकेका खांबाखालून आरपार फिरवली. काठी कुठे अडली नाही. तो म्हणाला, "काहीतरी चलाखी आहे." आणि निघून गेला.

बेस्से तशीच राहू लागली. शिडीसुद्धा वीतभर वरच लोंबायची. ती वर चढताना म्हणायची, "गुडघ्याला जरा लांब पडतं, पण छान वारा येतो." आजूबाजूच्या गावांतून लोक बघायला यायचे. सगळ्यांना एकच प्रश्न, हे घर खाली का नाही टेकत? आणि उत्तर द्यायची वेळ यायची दाएंगवर. त्याला अन्न गोड लागेना.

एका संध्याकाळी तो चलाखी शोधायला आला. कुठेतरी दगड असेल, तार असेल. घराखाली शिरला. पण खांबांखालची फट वीतभरच. नीट बघायचं तर मान वाकवावी लागली. मग गुडघे टेकावे लागले. शेवटी गाल मातीला लावून तो आडवा पडला. फटीतून त्याला पलीकडचं गवत दिसलं, नदी दिसली. बाकी काही नव्हतं.

तेवढ्यात डोक्यावर बेस्सेचा आवाज आला. ती बेंबीच्या खांबाशी बसली होती.

"आज भात मऊ झाला, तुझी कृपा. धागा तुटला नाही, तुझी कृपा. नदीनं घर सोडलं, तिची कृपा. दाएंगच्या नारळांची सावली दुपारी मागावर येते, डोळ्यांना बरं वाटतं. त्याची कृपा. त्यानं मला हाकललं नाही, त्याची कृपा. त्याला सुखात ठेव."

दाएंग तसाच पडून राहिला. शिव्या ऐकायची त्याची तयारी होती. याची नव्हती.

महाराज बाहेर जाळं विणत बसले होते. त्यांनी विचारलं, "काय सापडलं, दाएंग?"

खालून आवाज आला. "नाखवा, टेकू द्या ते."

"टेकलं तर तुमचं होईल. तुमचाच शब्द आहे."

"टेकलं तरी तिचंच. खालची जमीनही तिची. माझा हाच शब्द धरा."

"धरला," महाराज म्हणाले. "पण आधी बाहेर या. नाहीतर ते तुमच्यावरच टेकेल."

दाएंग बाहेर आला. केसांत माती, गालाला गवत. महाराजांनी नुसतं "नारायण" म्हटलं आणि घर खाली आलं. अंड्यांवर कोंबडी बसते तसं, अगदी हळू. मडक्यातलं पाणीसुद्धा हललं नाही.

वरून बेस्सेनं विचारलं, "काय झालं रे?"

"काही नाही, इंदो. घर बसलं," महाराज म्हणाले.

दाएंग महाराजांच्या पाया पडायला वाकला. महाराजांनी त्याचे दोन्ही हात धरले. "मी फुकट जेवणारा माणूस. माझ्या काय पाया पडता? तिथे जा."

दाएंग शिडी चढून आत गेला. बेस्सेला त्याच्या तोंडाकडे बघूनच सगळं कळलं. त्यानं बेंबीच्या खांबाला डोकं लावलं. कशाकशाचे आभार मानायचे ते त्याला येत नव्हतं, सवयच नव्हती. मग बेस्से त्याच्या शेजारी बसून एकेक सांगू लागली आणि तो तिच्या मागून म्हणू लागला.

त्या रात्री भात तिघांसाठी शिजला.