अर्कसेनाचा खोटा नगारा

एका राज्यात नगारा राजाच्या काळजाच्या ठोक्यावर वाजे. राजाच्या मनगटाला एक रेशमी दोरा बांधलेला असे. राजा कुठेही जावो, दोरा पुरत असे आणि तो कधी तुटत नसे. त्याचे दुसरे टोक नगारखान्यात नगारच्याच्या बोटाला. दोऱ्यातून ठोका येई तसे टिपरू पडे. त्या ठेक्यावर कोष्टी धोटा फेकीत, बाया मुसळ उचलीत, नावाडी वल्ही मारीत. परमुलखाचे लोक या रीतीला हसत. हसोत बापडे.

नगारा होता लुटीचा. राजा अर्कसेनाच्या आजोबांनी धुक्याच्या डोंगरावरल्या एका मांत्रिकिणीकडून तो दोऱ्यासकट हिरावून आणला. तेव्हा ती म्हणाली होती, "न्या. पण ह्याच्याकडून खोटं वदवाल, तर ज्या छातीच्या नावानं खोटं वाजेल ती छाती ताल विसरेल." आजोबा शूर होते, ऐकून घ्यायची सवय त्यांना नव्हती. शाप विस्मरणात गेला.

पुढे अर्कसेनाची राणी वारली. राजा स्मशानातून परतला त्या दिवशी नगारची चरकला, कारण दोऱ्यातला ठोका अडखळत होता. प्रधान भद्रकीर्ती त्याला म्हणाला, "आज दोऱ्याकडे लक्ष देऊ नकोस. कालचाच ठेका वाजव. प्रजा घाबरेल." हेतू वाईट नव्हता. राजानेही होकार दिला. नगारा खोटे बोलला आणि शाप जागा झाला.

दुःख ओसरले, पण काळीज ठिकाणावर आले नाही. कधी छातीत पाखरू कोंडल्यासारखी फडफड होई. कधी ठोका चुके, आणि खोल विहिरीत टाकलेल्या दगडाचा आवाज यावा तसा दुसरा ठोका उशिरा येई. राजवैद्यांनी साली उकळल्या, भस्मे चाटवली, लेप लावले. गुण येईना. नगारा मात्र रोज त्याच जुन्या ठेक्यावर ठणठणीत वाजे. राजा भिंत धरून जिना चढे आणि कोणी दिसले की हात मागे घेई.

राजकन्या कुंदमालेच्या नजरेतून ते सुटले नाही.

"तात, आपण आजारी आहात."

"नगारा ऐक. मी ठीक आहे."

"खोटं!" सज्जावर बसलेली एक टिटवी माणसाच्या वाणीने बोलली. मग तिने सांगितले, की त्या मांत्रिकिणीची नात निश्चला धुक्याच्या डोंगरावर राहते आणि बिघडलेल्या काळजांवर तिच्यापाशी इलाज आहे. कुंदमालेची आई गेलीच होती. बाप तरी राहावा, एवढेच तिचे मागणे होते. तिने राजाला मेण्यात बसवले, राज्य प्रधानावर सोपवले आणि टिटवीच्या मागोमाग ती निघाली.

डोंगराच्या पायथ्याशी धुक्यातून आवाज आला, "राजा, तीन कामं कर, मग इलाज. पहिलं काम, पायी वर ये. दम लागेल त्या पायरीवर बस."

मागे भोई उभे होते. त्यांच्यादेखत बसायचे? राजा ओठ आवळून चढत राहिला, आणि डोंगर वाढत राहिला. जेवढे चढावे तेवढे शिखर लांब. अखेर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो मटकन खाली बसला. डोंगर वाढायचा थांबला. मग राजा दमला की बसे, दम परतला की उठे. ऊन आहे तोवर तो मुलीसह माथ्यावर पोचला.

निश्चलेचे केस पांढरे आणि चेहरा कोवळा होता. ती म्हणाली, "दुसरं काम. मुलीला आपलं भय सांग."

"क्षत्रियाला मरणाचं भय नसतं."

"खोटं!" टिटवी म्हणाली.

राजाने मान खाली घातली. मग बोलला, "मुली, निजताना रोज वाटतं, उद्या उठलो नाही तर तुला कोण?"

"मलाही वाटतं, तात. आपल्या दाराशी उभी राहून मी श्वास ऐकते."

दोघेही रडली. निश्चलेने त्यांना रडू दिले.

"आता तिसरं," ती म्हणाली. "नगाऱ्याचा खोटा ठेका दोऱ्यातून उलटा तुझ्या छातीत येतो. दोन ठेक्यांच्या ओढाताणीत काळीज वेडं झालं आहे. मी ते क्षणभर थांबवीन. पुन्हा निघायचं ते आपणहून निघेल. त्या वेळी नगारा वाजता कामा नये. तो गप्प होईल तुझ्या तोंडच्या खऱ्या शब्दानं, आणि तोही प्रजेपुढे."

"आणि काळीज निघालंच नाही तर?" कुंदमालेने विचारले.

"तर नाही. माझ्या हाती थांबवणं आहे."

राजाने मुलीकडे पाहिले. तिने मान डोलावली.

तिघे नगरात आली. राजाचा बेत ऐकून प्रधान आडवा आला. "महाराज, शत्रू टपलेले आहेत!" राजा म्हणाला, "टपू देत." तो नगारखान्याचा जिना चढला, मध्ये दोनदा बसला, सगळ्यांच्या देखत बसला. मागोमाग कुंदमाला आणि निश्चला होत्या. वर जाऊन तो खाली चौकात जमलेल्या लोकांना म्हणाला, "लोकहो, माझं काळीज बिघडलं आहे. राणी गेली त्या दिवसापासून हा नगारा खोटा वाजतो आहे. अपराध माझा आहे."

नगारच्याचे टिपरू हवेतच राहिले. त्या नगरात अशी शांतता कोणी ऐकली नव्हती. पाळण्यातली मुले जागी झाली. मग कांडप करणारी म्हातारी भिवरा पुढे आली.

"म्हाराज, आमाला ठावं हाय. देवळाची पायरी चढताना तुमी खांब धरता, ते आंधळ्याला बी दिसतंय. तुमाला वाईट वाटू नये म्हणून आमी गप ऱ्हायलो."

राजाने तोंड ओंजळीत झाकले. ज्यांच्यापासून त्याने इतके दिवस लपवले, ते त्याच्यासाठी लपवीत आले होते.

निश्चलेने त्याच्या छातीवर तळवा टेकला. काळीज थांबले. ओठ निळे पडले, मान कलली. कुंदमालेने बापाचे मनगट घट्ट धरले. चौकात कोणी पापणी हलवेना. मग कुंदमालेच्या बोटांखाली काहीतरी हलले, थांबले, पुन्हा हलले आणि चालू लागले. राजाने डोळे उघडले. शाप तुटला.

"शाप गेला, दुखणं थोडं राहील," निश्चला म्हणाली. "ही कडू मुळी रोज चघळावी. अधूनमधून ठोका चुकेल. तेव्हा घाबरू नये आणि लपवू नये."

"आपला नगारा परत न्यावा," राजा म्हणाला.

"असू दे इथेच. आता तो खरं बोलतो." एवढे बोलून ती धुक्यात मिसळली.

अर्कसेनाने पुढे पुष्कळ वर्षे राज्य केले. दोऱ्यात येईल तसा नगारा वाजे, आणि कधी मध्येच चुके. मग धोटे थांबत, वल्ही पाण्यावर उचलून धरली जात. नुकती लग्न होऊन आलेली एखादी सून बावरून विचारी, "काय झालं?" तेव्हा भिवरा मुसळ खांद्याला टेकवून म्हणे, "काय न्हाई गं पोरी. राजा दम खातोय. थांब वाईच."