चाळीस हात दोर

सज्जनहो, प्रवरेच्या काठी पिंपळटाकळी नावाचे गाव होते आणि वर्षातून दोनदा शांतवनबाबांचे पाय त्या गावाला लागत. एकदा कापणीच्या सणाला, एकदा पुनरुत्थानाच्या आठवड्यात. अंगात जाडाभरडा सदरा, हातात एकतारी, मुखी येशूनाम. बाबा देवळाच्या ओट्यावर उतरत, कुणाच्याही घरची भाकरी खात, आणि कुणाची चांगली हे कधी सांगत नसत.

त्याच गावात गोजराबाई राहत होती. साठीला आलेली विधवा. घायपात कुजवायचा, ठेचायचा, धुऊन त्याचा वाख काढायचा आणि त्या वाखाचे दोर वळून विकायचे, हा तिचा धंदा. दोर वळायला दोन माणसे लागतात, एक पीळ घालायला आणि एक टोक धरायला. नवरा गेल्यापासून टोक धरायचे काम तिने अंगणातल्या लिंबाला दिले होते.

त्या वर्षी देवळात नवी घंटा आली. मंडळीचे पुढारी शमुवेलमास्तर यांनी तिच्यासाठी लोखंडी साखळी आणायचे ठरवले होते. तोच गोजराबाई उठली आणि भर उपासनेत म्हणाली, "साखळी ऱ्हाऊ द्या. घंटंचा दोर म्या वळीन."

पोळा तोंडावर आला होता. दोर वळणाऱ्याचे सारे वर्ष पोळ्यावर चालते. त्या आठवड्यात गावाला कासरे, म्होरक्या, वेसणी, सगळे नवे हवे असते. गोजराबाईने दारी आलेल्या एकूणएक शेतकऱ्याला परत पाठवले. "औंदा वाख देवाचा हाय," एवढेच ती सांगे. सणाच्या दिवशी तिच्या चुलीवर नुसत्या कण्या शिजल्या, पण वाखाची एक बट तिने विकली नाही. होता नव्हता तेवढ्या वाखाचा तिने एकच दोर वळला. तो चाळीस हात भरला.

कापणीच्या सणाला लोक भोपळे, कणसे, कोंबड्या घेऊन आले. गोजराबाई डोक्यावर दोराचे वेटोळे घेऊन आली. मास्तरांना हसू आवरेना.

"घंटेला अठरा हात पुरतात, बाई. एवढी नासाडी कशाला? देवळात हत्ती बांधायचाय का?"

"देवाला मापून द्यायला मला न्हाई येत," गोजराबाई म्हणाली. "तुमाला येतंय, तुमी द्या."

मास्तरांचे तोंड उतरले. त्यांचे खरे दुखणे निराळेच होते. त्यांचा बापही दोरच वळत असे, आणि लहानपणी ते याच बाईला काकी म्हणत तिच्या अंगणात लोळले होते. पुढे शाळेत नोकरी लागली, अंगात कोट चढला, तसा घायपाताचा वास त्यांना सोसेनासा झाला. आता तोच वास देवळात, पाहुण्यांच्या नाकासमोर लोंबणार होता.

बाबांनी मात्र दोर दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला. "हाच बांधा," बाबा म्हणाले, आणि दोर बांधला गेला.

बाबा पुढच्या गावी निघाले, त्याच दिवशी मास्तरांनी विळा घेऊन अठरा हातांवर दोर तोडला. खाली पडलेला तुकडा त्यांनी घरी नेऊन न्हाणीच्या चुलीत घातला. काय म्हणावे या अहंकाराला! देवाला वाहिलेल्या वस्तूवर माणसाने आपले स्नानाचे पाणी तापवले.

गोजराबाई त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. ती रडली नाही.

"मास्तर, तुमी तोडला त्यो वाख. म्या चाळीस हात वाहिला, आन् माझं वाहिलेलं चाळीसच हाय."

"अठरा आहे. जाऊन मोज," मास्तर म्हणाले.

"तुमीच मोजत बसा."

त्यानंतर दर रविवारी घंटा तीच वाजवू लागली. मास्तर देवळात शिरताना दिसले की दोन टोल जास्तच पडत. लोक तिला हट्टी म्हणत. ती होतीच हट्टी.

उन्हाळा आला, पुनरुत्थानाचा आठवडा आला, बाबाही आले. देवळाशेजारच्या मळ्यात मास्तर आपली विहीर खोल करत होते. कामकरी वर भाकरीला बसले होते आणि मास्तर काम पाहायला एकटेच खाली उतरले होते. तेवढ्यात दरड कोसळली. पायऱ्या गेल्या, गाळ ओढायचा रहाट त्याच्या दोरासकट गेला, आणि तळाशी झरा फुटला. विहीर तीस हात खोल. बघता बघता पाणी मास्तरांच्या छातीला लागले.

लोकांनी घरचे कासरे एकमेकांना बांधून सोडले. ते गाठीतच तुटले. मास्तरांच्या बायकोने ओट्यावर बसलेल्या बाबांच्या पायांवर डोके ठेवले.

"घंटेचा दोर सोडा," बाबा म्हणाले.

"बाबा, तो अठराच हात आहे. पोचायचा नाही," ती म्हणाली.

बाबांनी गोजराबाईकडे पाहिले. "तू किती वाहिला होतास?"

"चाळीस."

"मग देवाकडे चाळीस जमा आहे. आण."

गोजराबाई तोवर घंटेपाशी पोहोचली होती. ज्याने तिचे दान जाळले त्याच्यासाठी तिने आपल्या हाताने गाठ सोडली. दोर तोडला त्या दिवसाचा राग तिच्या पोटात अजून तसाच होता, आणि तो राग घेऊनच ती विहिरीकडे धावली.

काठावर बसून ती दोर सोडू लागली. धंद्याची सवय, हाताखालून दोर सरकला की आकडे आपोआप तोंडात येत. पंधरा. सोळा. सतरा. अठरा. तिने टोकासाठी मूठ आवळली, पण मुठीत दोरच आला. एकोणीस. वीस. लोकांचा गलबला थांबला. पंचवीस. एकोणतीस. मागे बाबा डोळे मिटून एकतारी छेडत उभे होते.

"धरला!" खालून मास्तर ओरडले.

तरीही पाठीमागे दहाजणांना ओढायला पुरेल एवढा दोर उरला होता. सगळ्यांनी जोर लावला आणि चिखलाने माखलेले मास्तर काठावर आले.

दम घेतल्यावर मास्तरांनी काय केले असेल? दोर मोजला. दोनदा मोजला. अठरा हात. टोकाला त्यांच्याच विळ्याचा तिरपा घाव होता. त्यांना हुंदका फुटला आणि ते गोजराबाईच्या पायांवर वाकले.

तिने पाय मागे घेतले. "माझ्या पाया नगा पडू. देवाच्या दोराला बावीस हात कमी हायेत. सकाळी लिंबाखाली या आन् टोक धरा."

"गोजरा," बाबा हसून म्हणाले, "तू काही त्याला सोडायची नाहीस."

"न्हाई, बाबा."

सकाळी मास्तर आले. कोट त्यांनी लिंबाच्या फांदीला अडकवला आणि खाली बसून टोक धरले. गोजराबाईने पीळ घालायला सुरुवात केली. पीळ भरतो तसा दोर आखडत जातो, आणि टोक धरणाऱ्याला बसल्याबसल्या पुढे सरकावे लागते. हे मास्तरांना कुणी शिकवावे लागले नाही; हाताला लहानपणीचे सगळे आठवत होते. बोटांना घायपाताचा वास लागला.

दुपारपर्यंत मास्तर सरकत सरकत बरेच पुढे आले होते.

"काकी, भरला का?" त्यांनी विचारले.

"भरला," गोजराबाई म्हणाली.

मास्तर उठून तिच्यापाशी गेले, टोक तिच्या हाती दिले आणि तिथेच तिच्या पायांवर डोके टेकले. या वेळी तिने पाय मागे घेतले नाहीत.